कोरलेली बटणं

वासणा रोड, बडोदे
१९ जून २०२५

प्रिय आभा,

पाकिटावर तुझं नाव घालताना पेन जरा थांबलं. पूर्वी 'चि. सौ. आभा' लिहायची. आता नुसतं 'चि.' ठेवलं आहे. ते कोर्टाच्या कागदाने कमी होत नाही असं मी धरून चालले आहे.

पार्सल सोमवारी पोचलं. कुरियरवाला दारातून म्हणाला, "मासी, पुनाथी छे." म्हणजे पुण्याहून. खोक्यावर तुझं अक्षर बघितलं आणि त्याला सही देताना माझं आडनाव चुकलं, माहेरचं लिहिलं. हे झोपले होते. उठेपर्यंत खोकं टेबलावर ठेवून मी समोर बसून राहिले.

ह्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस तुझ्या लक्षात राहिला. सलीलचा टोरांटोहून सकाळी फोन आला होता, नवी सूनबाईही बोलली. मग तुझा हत्ती आला. दोन्हीचा मला आनंद झाला हे तुला सांगायला हरकत नसावी.

हत्ती मुठीएवढा असेल. पण त्याच्यावर काय काय आहे. झुलीवरची वेल, तिच्या काठाचे गोंडे, घंटा, माहुताच्या अंगरख्याची बटणं. सगळं करड्या रंगात, कोरं, आणि बरोबर तुझी चिठ्ठी, 'बाबा, रंग तुमचा.' सलीलने मागे सांगितलं होतं की तू आता कॉम्प्युटरवर मूर्ती कोरतेस, परदेशातली माणसं त्या विकत घेऊन रंगवतात. कॉलेजात असताना खांद्याला झोळी अडकवून येणारी, आमच्या गॅलरीत माती मळणारी उंच मुलगी ती हीच, हे मला अजून जुळवता येत नाही. तू पोळ्या लाटताना तुझ्या नखांतली माती मी कधी कधी शोधायची. सापडली नाही कधी.

तू सामान न्यायला आली होतीस त्या दिवसाबद्दल तू काही लिहिलं नाहीस. सहा वर्षं झाली. हे आतल्या खोलीत मूर्ती रंगवत बसले होते, तू दाराशी येऊन म्हणालीस, "बाबा, येते," आणि हे नुसतं "हं" म्हणाले. मी त्यांची बाजू घेत नाही. फक्त एक सांगते, त्या दिवशी ब्रशला रंग नव्हता. तू गेल्यावर मी खोलीत गेले तेव्हा पाण्याची वाटी स्वच्छ होती.

आता खरी गोष्ट. ह्यांना दिसत नाही, आभा. अगदीच अंधार नाही. पडद्याचा आजार आहे, आधी डावा डोळा गेला, मग उजवा. ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलं जातं आणि कडेचं दिसत राहतं. मला बघायचं असलं तर ते दाराकडे बघतात. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकेल. दोन वर्षांत ब्रश हातात घेतलेला नाही. त्यांच्या मूर्तींची दसऱ्याची सवारी, जुन्या काळी महाराजांची निघायची तशी, काचेच्या कपाटात उभी आहे, घोडे आहेत, भालदार-चोपदार आहेत, बॅण्ड आहे. हत्ती शेवटी करू म्हणत राहून गेला. मला म्हणाले, ब्रश कुणाला तरी देऊन टाक.

तुझा हत्ती त्यांनी खूप वेळ हातात धरला. अंगठ्याने पाठीवरून, पोटाखालून, सोंडेवरून फिरून आले. मला वाटलं आता हसतील. म्हणाले, "झुलीवर नक्षी कोरली आहे. बटणंसुद्धा कोरली आहेत. मला काय ठेवलंय हिनं?" आणि ठेवून दिला.

तुमचं ते जुनं भांडण तुला आठवत असेलच. ह्यांच्या मूर्ती प्लास्टरच्या, साचे घासून घासून गेलेले, चेहरे वापरलेल्या साबणासारखे गुळगुळीत. डोळे, मिशा, काठ, बटणं, सगळं हे ब्रशाने काढायचे. तू म्हणायचीस, "बाबा, बटण हे बटण असावं, ठिपका नको." हे म्हणायचे, "मूर्तिकारानंच सगळं बोलून टाकलं तर रंगवणाऱ्यानं काय, मान डोलवायची?" सलील जेवून उठून जायचा आणि तुम्हा दोघांची आमटी ताटात गार व्हायची.

हत्ती सध्या फ्रिजवर आहे. हे लिहायला मला वाईट वाटतं, पण तुला खोटं कळवण्यापेक्षा बरं. आणि तरी तुझे आभार मानायचे आहेत. दोन वर्षांत हा माणूस कशावर चिडलासुद्धा नव्हता. मी मीठ विसरले तरी जेवायचा. त्या हत्तीवर चिडला. खुर्चीत दिवसभर बसलेला तो माणूस मला ओळखू येत नाही, चिडलेला ओळखू आला. त्यांनी पुन्हा ब्रश हातात घ्यावा, एवढंच आता मी देवाकडे मागते. दुसरं काही मागावंसं वाटत नाही.

तब्येतीला जप. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

मंदाकिनी

---

वासणा रोड
८ जुलै

प्रिय आभा,

तुझा मेसेज आला. 'आई, मला माहीत नव्हतं. मी काय करू ते सांगा.' पहिला शब्द वाचला आणि मी चहा पुन्हा गरम करायला ठेवला. तो गरमच होता.

मेसेजवर एवढं लिहिता येत नाही म्हणून हे पत्र. आणि जे झालं ते नीट सांगितल्याशिवाय तुझ्याकडे काही मागणं बरं दिसणार नाही.

आपल्याकडे नवी वस्तू घरात आली की तिला कुंकवाचं बोट लावतात. फ्रिजला लावलं होतं, सलीलच्या स्कूटरला लावलं होतं, गेल्या वर्षी वॉशिंग मशीन आलं त्यालाही. तू हसायचीस, "आई, मिक्सरला मळवट भरता का?" तुझ्या हत्तीला मात्र लावायचं राहिलं होतं. शुक्रवारी पूजा झाल्यावर त्याला देवघरापाशी आणला आणि बोट लावताना करंडाच त्याच्यावर उपडा झाला. सोंडेपासून शेपटीपर्यंत हत्ती लाल.

कोरड्या फडक्याने पुसत बसले. मला इतकी लाज वाटत होती की मी त्याच्याकडे बघतही नव्हते, बाहेर बघत नुसती घासत होते. थोड्या वेळाने बघितलं तर वरचा भाग स्वच्छ झाला होता आणि कुंकू फक्त खोबणींत राहिलं होतं. सोंडेची वळी न् वळी, झुलीवरची वेल, माहुताची बटणं, सगळं लाल रेषेत उठून आलं होतं. चष्मा लावूनही जे मला दिसलं नव्हतं ते दिसत होतं. हत्तीला पापण्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

शाळेत सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला भरतकाम शिकवायच्या. पाकळीच्या पोटात आधी जाड टाके घालून ती फुगवायची आणि मग वरून रेशीम भरायचं. त्या म्हणायच्या, "खालचं काम नीट करा, मग वरचा दोरा आपोआप चमकेल." कितीतरी वर्षांनी मला ते कळलं. हत्तीने स्वतःचं स्वतः रंगवून घेतलं होतं. माझ्या हाताचं त्यात काही कौशल्य नव्हतं, डोळ्यांचं तर नव्हतंच.

मी तो तसाच ह्यांच्याकडे नेला.

"कुंकवाचा वास कसला?"

"तुमच्या हत्तीवर सांडलं."

त्यांनी हातात घेतला, दाराकडे मान वळवली, म्हणजे हत्तीकडे बघितलं. "रंग खळग्यांत बसला का?"

"हो."

"आणि उंचवटे कोरे?"

"कोरे."

"पुसताना बघत होतीस?"

"नाही हो. मला शरमेने बघवत नव्हतं."

"हं," म्हणाले. तो 'हं' तुला माहीत आहे. पण हा जरा लांबला. दुपारी जेवण झाल्यावर पान खाता खाता विचारलं, "ब्रशांचा डबा कुणाला दिलास?" मी म्हटलं, कुणालाच नाही, रव्याच्या डब्यामागे ठेवला आहे.  त्यांनी हात पुढे केला.

त्यांना हे सगळं येत होतं, आभा. पातळ काळपट रंग अंगभर ओतायचा, तो खोबणींत उतरतो, वरचा पुसून घ्यायचा. मग ब्रशला फिका रंग लावून तो कागदावर इतका पुसायचा की ब्रशात काही उरलंच नाही असं वाटावं, आणि तो कोरडा ब्रश मूर्तीवरून हलकेच फिरवायचा, म्हणजे फक्त उंचवटे रंग पकडतात. इतकी वर्षं ते ह्याला आळशांचे उद्योग म्हणायचे. त्यांच्या गुळगुळीत प्लास्टरवर ह्याचा काही उपयोगही नव्हता. रंगाने कशाला पकडायचं?

आम्ही हत्ती साबणाने धुतला. थोडा गुलाबीच राहिला. हे दोन दिवस बसले होते. मी बाटल्या हातात देत होते. तुला काय सांगू, घरात रंगाचा वास आला.

आणि मग बिनसलं. ब्रशावर रंग किती आला हे त्यांना कळत नाही, त्यामुळे थर जाड बसतो. तुझी वेल फार नाजूक आहे. पहिल्या थराखाली ती मंद झाली, तिसऱ्याखाली गेली. त्यांनी नखाने माहुताचा अंगरखा चाचपला. "बटणं गेली," म्हणाले. थोडं थांबून, "तिचं काम मी बुजवलं." ब्रश धुतला, हात पुसले आणि खुर्चीत जाऊन बसले. तेव्हापासून तिथेच आहेत.

तुझ्या नक्षीत खोट नाही. ती डोळस माणसासाठी कोरलेली आहे, चांगल्या हाताच्या. आम्हाला जाड रंग पिऊन उरेल अशी हवी. थोडी कमी आणि बरीच खोल. बोटाला सापडेल अशी. करशील का? कुठल्या नात्याने मागते ते मला ठरवता येत नाही, म्हणून नुसतंच मागते. नाही म्हणालीस तरी माझ्या मनात काही येणार नाही.

आई

---

१० ऑगस्ट

प्रिय आभा,

घोडेस्वार आला. आज घाईत लिहिते, गॅसवर कुकर आहे.

आधी तुझ्या रेकॉर्डिंगबद्दल. तू पाठवलेलं ते बोलणं मी फोन ह्यांच्या कानाशी धरून ऐकवलं. 'बाबा, घोड्याच्या झुलीवर वेल कोरलेली नाही, नुसते मोठे काठ ठेवले आहेत. कोटाची कड उचलली आहे. घड्या कमी आणि खोल केल्या आहेत. खऱ्या कोटाला इतक्या खोल घड्या पडत नाहीत, पण रंग लागल्यावर त्या खऱ्या वाटतील.' ऐकून झाल्यावर म्हणाले, "परत लाव." मग जेवणाआधी परत. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पण संपतराव आले तेव्हा त्यांना सांगत होते, "ती पुण्याची म्हणते की खऱ्यापेक्षा जास्त खोल कोरलं तर खरं दिसतं. बरोबर आहे तिचं." तुझं नाव अजून घेत नाहीत, 'ती पुण्याची' म्हणतात. संपतराव म्हणजे प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसातले ह्यांचे शेजारच्या टेबलावरचे, दर गुरुवारी येतात, तुझ्या लग्नात ज्यांनी श्रीखंड मागून मागून घेतलं ते.

आता माझा पराक्रम ऐक. तू अस्तराचा, म्हणजे सगळ्यात खालचा, रंग फवाऱ्याने मारा म्हणालीस, म्हणून मी घोडा गॅलरीत नेऊन मारला. इथली हवा ह्या दिवसांत कशी असते ते तू विसरलीस आणि मी लक्षात घेतली नाही. पापड वाळत नाहीत तिथे रंग काय वाळणार. सगळा घोडा खरखरीत झाला. ह्यांनी हात लावला आणि म्हणाले, "हा घोडा आहे की रव्याचा लाडू?"

मी म्हटलं, रंगाखाली झाकला जाईल.

"झाकला जाणार नाही, उठून येईल. कोरडा ब्रश फिरवला की प्रत्येक कण रंग धरेल. त्याला काय कळतं, घडी कुठली आणि घाण कुठली. जे वर आलंय ते धरतो."

संपतराव म्हणाले, "लक्ष्मीकांत, देवीचे वण म्हणून खपव. जुन्या काळचा घोडा."

शेवटी जुन्या टूथब्रशने सगळा खरवडून काढला. ह्यांनीच काढला. हात फिरवत, थांबत, पुन्हा घासत. मग अस्तर हाताने लावलं, रंगात पाणी घालून, वाळवून, पुन्हा. मला सांगत होते, "पहिला थर जेवढा पातळ तेवढं खालचं काम जिवंत राहतं. इथे घाई केली की पुढे कितीही चांगला रंग लाव, बुजलेलं वर येत नाही." हे ते मला शिकवत होते की स्वतःला समजावत होते, कोण जाणे. मी हो हो म्हणत होते.

पण काठ अजून रंगवायचे आहेत आणि तिथेच ते अडले आहेत. सपाट जागेवर कोट कुठे संपतो आणि घोड्याची पाठ कुठे सुरू होते ते दिसत नाही, म्हणतात. कालपासून झाकण घालून ठेवला आहे. मी काही बोलत नाही. बोलले तर उठून जातील.

कुकर झाला.

आई

---

२८ सप्टेंबर

प्रिय आभा,

नवरात्र चालू आहे. समोरच्या सोसायटीच्या पटांगणात गरबा असतो, पत्र लिहिताना टेबल हलतं, अक्षर वाकडं आलं तर माझं वय समजू नकोस.

घोडेस्वार झाला. पूर्ण, त्यांच्या हातांनी, मी फक्त बाटल्यांना रबरं बांधून दिली. एक रबर तांबडा, दोन रबरं तपकिरी, असं. झाला हे आधी सांगून टाकलं, म्हणजे तू उगाच श्वास रोखून वाचणार नाहीस. आता कसा झाला ते सांगते.

काठाचं कोडं त्यांनी स्वतः सोडवलं. तू कोटाची कड उचलून ठेवली आहेस ना, तिच्यावर त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख ठेवलं आणि उजव्या हाताने ब्रश कोटावरून आणला. कड आली की ब्रश अडतो. शेताला बांध असावा तसा तो काठ रंगाला आत धरून ठेवतो. मला हाक मारली, "मंदा, इकडे ये. तांबडा बाहेर गेलाय का बघ." मी बघितलं. गेला नव्हता. मी सांगितलं तर म्हणाले, "खरं सांग." मी म्हटलं, "सिस्टर बेनेडिक्टांची शप्पथ." त्यावर हसले. मी किती दिवसांनी ऐकलं ते हसू.

त्यानंतर दिवसभर उठले नाहीत. लगाम, खोगीर, पगडी. पगडीच्या घड्यांत आधी काळपट रंग जाऊ दिला, वरून कोरडा ब्रश दोनदा फिरवला आणि पगडीला पीळ आला. मी शेजारी भाजी निवडत होते. मला म्हणाले, "पूर्वी ह्या पिळाला मला एक सकाळ लागायची. प्रत्येक रेघ ओढायला लागायची. आता ती सगळं आधी करून ठेवते आणि मी नुसता वरून जातो."

"मग वाईट वाटतं का?"

"वाटायचं. मला वाटायचं, एवढं कोरलं तर रंगवणाऱ्याला काम उरत नाही." ब्रश पुसला. "रंगवायला बसल्यावर तिचा हात लागतो. तिनं कुठे जोर दिलाय, कुठे सोडून दिलंय, ते कळतं. दोघांनी मिळून केल्यासारखं होतं. प्लास्टरवर मी एकटाच असायचो."

हे तुझ्यासाठी त्यांनी सांगितलं नव्हतं, पण मी तुझ्यापर्यंत पोचवते आहे. ते माझ्यापाशी ठेवून माझं काय होणार.

गुरुवारी संपतराव आले. ह्यांनी घोडा त्यांच्या पुढ्यात ठेवला. संपतरावांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, घोडा फिरवून बघितला, लांब धरून बघितला.

"लक्ष्मीकांत."

"बोल."

"घोडेस्वाराचा एक बूट घोड्यानं खाल्लाय."

ह्यांनी हात पुढे केला, चाचपलं. डाव्या बुटाला घोड्याचाच तपकिरी लागला होता. तिथे कड जरा कमी आहे, आभा, ते तुझ्याकडून राहिलं. मला वाटलं आता घोडा ठेवून देतील. 

"राहू दे," म्हणाले. "सवारी काय बूट बघायला बघतात? रस्त्याच्या पलीकडून बघायची असते."

"ते तर आहेच. पण बाकी सारू छे. तुझ्या जुन्या घोड्यांपेक्षा चांगला आहे."

"चांगला नाही. वेगळा आहे."

"बरं बाबा, वेगळा. चहा मिळेल का वेगळा?"

काल सलीलचा फोन आला, व्हिडिओचा. ह्यांनी घोडा कॅमेऱ्यासमोर धरला, जरा वर धरला गेला, सलीलला नुसता पंखा दिसत होता, मी हात खाली केला. सलील म्हणाला, "बाबा, हा तुम्ही रंगवलात? आत्ता?" मग म्हणाला, "मूर्ती तुमची नाही वाटत. कुणाची आहे?"

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. सूनबाई बाजूला बसली होती. पण ह्यांनीच उत्तर दिलं.

"आभानं कोरली आहे."

सहा वर्षांत ते नाव ह्या घरात त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. सलील कॅमेऱ्याच्या जवळ सरकला. मग म्हणाला, "छान झालाय बाबा. तिला सांगा मी म्हटलं म्हणून." सूनबाई म्हणाली, "घोडा माझ्याकडे फिरवा ना, मला शेपटी बघायची आहे." फार शहाणी आहे ती, आभा. मला सुना चांगल्या मिळाल्या. दोघीही.

म्हणून सांगते, सलीलने छान झालाय म्हटलं आहे.

आज हे हत्ती खरवडायला बसले आहेत. माझ्या कुंकवाचा रंग पोटाखाली अजून आहे, तो जात नाही. राहू दे म्हणाले.

आई

---

५ ऑक्टोबर

प्रिय आभा,

दसरा झाला. सोनं पाठवते आहे पाकिटात, पान चुरगळलं तर माफ कर.

हे पत्र माझं कमी आणि ह्यांचं जास्त आहे. सकाळी चहा झाल्यावर म्हणाले, "कागद घे. पुण्याला लिहायचं आहे." मी म्हटलं, फोनवरच बोला की. "फोनवर मला सुचत नाही." मग मी टेबलाशी बसले, आणि ते दाराकडे तोंड करून बोलत गेले. जसं बोलले तसं उतरवते.

"तिला लिही, घोडा चांगला आहे. बुटाची कड उचलायची राहिली आहे, पुढच्या वेळी बघ म्हणावं. रिकिबीचा पट्टा आणखी थोडा वर हवा, नख लागत नाही." लिहिलं.

"लिही, की तिचं म्हणणं बरोबर होतं असं मी कबूल करत नाही. बटण कोरावं हे खरं. पण सगळीच कोरू नयेत. काही ठिपके माझ्याकडे ठेव म्हणावं." लिहिलं. इथे मला हसू आलं, तेही लिहिते.

मग उठून कपाटाच्या काचेवरून हात फिरवून आले. मी विचारलं, झालं का? म्हणाले, "सवारी संपत आली असं मी समजत होतो. हत्ती लागला की संपली. तसं नाही. बघणारे कुठे आहेत? एवढे घोडे, एवढा बॅण्ड, आणि रस्ता मोकळा. गर्दी हवी."

"किती माणसं?"

"होतील तेवढी. वर्षभर पुरतील एवढी पाठव म्हणावं. संपली की पुन्हा."

वर्षभर म्हणाले, आभा. मी तो शब्द लिहिला आणि पेन थोडा वेळ खाली ठेवलं. त्यांना वाटलं शाई संपली.

मग एकेक माणूस सांगू लागले. एक बाई, कडेवर मूल, मूल मागे बघतंय. एक गृहस्थ, सायकलला टेकलेला, पोट पुढे आलेलं, "संपतरावासारखं, त्याला सांगू नकोस." एक शाळेतली मुलगी, कॉन्व्हेंटच्या फ्रॉकमध्ये, दोन वेण्या, रिबिनी खालपर्यंत आलेल्या. मी म्हटलं, ही कोण? "असशील तूच. मी तुला त्या फ्रॉकमध्ये कुठे पाहिलंय? पण असशीलच की रस्त्यावर." एक चणेवाला, टोपलीचं विणकाम चांगलं जाड. एक म्हातारा, हात कपाळावर धरून लांब बघणारा.

"आणखी?"

"आणखी एक मुलगी." इथे त्यांनी आवाज खाली घेतला, जणू मी ऐकू नये, पण मी लिहून मात्र घ्यावं. "उंच. खांद्याला झोळी. पुढचं दिसत नाही म्हणून टाचा उचलून मान वर काढलेली. कपडे साधे ठेव म्हणावं, ते मी रंगवीन. झोळीवर काही कोरू नको, तिथे मी काय ते बघेन. चेहरा मात्र तिनंच करायचा. खोल. नाक, हनुवटी, सगळं नीट. माझा रंग इकडेतिकडे गेला तरी हरकत नाही असा."

मी विचारलं, "त्या एकटीचाच इतका नीट कशाला? गर्दीतली मुलगी ती."

त्यांनी कप चाचपून जवळ ओढला. त्यात चहा नव्हता, तरी हातात धरून ठेवला.

"म्हणूनच," म्हणाले. "एवढ्या गर्दीत ती मला सापडली पाहिजे."

आई